खासगी आणि दौलत

‘खासगी’ या शब्दावरून आज थोडं भांडायचं आहे. भांडण सरकारशी आहे, पण निमित्त घरातलं. मागे माहिती अधिकाराबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर आमच्या मावसभावाचा निरोप आला: "अरे, लोकांची खासगी माहिती जपणारा कायदा हवा म्हणून इतकी वर्षं तूच ओरडत होतास ना? आला की आता. मग परत कुरकुर कसली?"

दादा, कुरकुर नाही, तक्रार आहे. आणि ती दोन ओळींत मावत नाही म्हणून हा एवढा प्रपंच. चहा घेऊन बसा मंडळी.

मला कायदा हवा होता हे खरंच. का हवा होता तेही सांगतो. आमच्या इथल्या भेळवाल्याने एकदा दिलेल्या पुडीचा कागद म्हणजे कुणाच्यातरी कर्जाच्या अर्जाची झेरॉक्स होती. फोटो, पत्ता, पगार, सगळं चिंचेच्या चटणीत भिजलेलं. आमच्या हिचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ‘मेडिक्लेम’वाल्यांचे फोन सुरू झाले. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं, पण कुणीतरी कुणाला तरी सांगितलं होतं. मी उभी हयात बँकेत काढली. खातेदाराची शिल्लक बायकोने विचारली तरी सांगायची नाही ही आमची पहिली शिकवण. त्यामुळे माणसाची माहिती म्हणजे त्याची चीजवस्तू, ती दुसऱ्याने परस्पर विकायची नाही, हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत अधिकार आहे, तेव्हा मी पेढे आणले होते. (हिने विचारलं, "कुणाला मुलगा झाला?" :-))

पण त्याच बँकेत दुसरीही एक शिकवण होती. खातेदाराचं खातं झाकायचं आणि बँकेचा ताळेबंद उघडा करायचा, वर्तमानपत्रात छापायचा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. शंभर वर्षांहून जास्त काळ बँका त्या करताहेत. सरकारला मात्र २०२३ साली असं वाटलं की एक करायचं तर दुसरं मोडावं लागतं.

झालं असं. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने ‘डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन’ कायदा मंजूर केला. लोकसभेत ७ तारखेला, राज्यसभेत ९ तारखेला, आवाजी मतदानाने. एकूण ४४ कलमं. आपण सगळे पहिल्या चाळीस कलमांवर वाद घालत बसलो. विंचवाचा डंख असतो तसा खरा मुद्दा शेपटीत होता. कलम ४४ च्या तिसऱ्या पोटकलमाने माहिती अधिकार कायद्यातलं ८(१)(ञ) हे कलम बदललं. अक्षरसुद्धा कसं निवडलंय पाहा, ‘ञ’! शाळेतल्या तक्त्यावर या बिचाऱ्यापुढे कधी चित्रसुद्धा नसायचं. कुणाचं लक्ष जाणार?

२००५ च्या मूळ कायद्यात हे कलम चांगलं तोलूनमापून लिहिलं होतं. माझ्या भाषेत सांगायचं तर असं: एखाद्याची वैयक्तिक माहिती द्यायचं बंधन नाही, पण केव्हा? जेव्हा त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी काही संबंध नसेल तेव्हा, किंवा ती दिल्याने त्या माणसाच्या खासगी आयुष्यात नाहक घुसखोरी होणार असेल तेव्हा. आणि तेव्हासुद्धा व्यापक जनहित मोठं असेल तर माहिती द्यायची. शिवाय खाली एक परंतुक होतं. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही माणसाला नाकारायची नाही. मला या परंतुकाचं फार अप्रूप होतं. आमदाराला जे मिळतं ते आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही मिळालं पाहिजे, असं सांगणारी वाक्यं आपल्या कायद्यांत किती असतील?

नव्या कलमात यातलं काहीही उरलेलं नाही. आता तिथे एवढंच आहे: वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती. बस्स. अट नाही, तोल नाही, परंतुक नाही.

आता जरा शब्दाकडे येतो. इंग्रजीत खासगीपणाला एक शब्द आहे आणि गुपिताला दुसरा. आपण मराठीत सरकारी कागदावर दोन्हींना ‘गोपनीयता’च म्हणतो. मंत्री शपथ घेतात ती पदाची आणि गोपनीयतेची, आणि माझ्या आधार कार्डाची जपायची तीही गोपनीयताच. शब्दाचा हा घोळ आपण चालवून घेतला. कायद्यात तो घुसला की काय होतं ते आता बघतोय. म्हणून मला ‘खासगी’ हा जुना शब्द बरा वाटतो. होळकरांच्या राज्यात दोन हिशेब वेगळे असत. एक ‘दौलत’, म्हणजे राज्याचा महसूल. दुसरी ‘खासगी’, म्हणजे राणीच्या स्वतःच्या जहागिरीचं उत्पन्न. अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या त्याचा खर्च खासगीतून, असं सांगतात ते या अर्थाने. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यांना कळत होतं की राजघराण्यातल्या माणसाचाही काही भाग खासगी असतो आणि काही दौलतीचा असतो, आणि दोन्ही एका थैलीत घालायचे नसतात. नव्या कलमाने नेमकं तेच केलं आहे. दौलतीच्या कागदावर माणसाचं नाव दिसलं की झाला तो कागद खासगी!

आणि मला सांगा, सरकारी कागदावर माणसाचं नाव नाही असं कधी असतं का? रस्त्याचं बिल निघतं ते कुणाच्या तरी सहीने. निविदा मिळते ती कुणाला तरी. रेशन, निराधार योजनेचे पैसे, घरकुल, हे सगळं नाव असलेल्या माणसांनाच मिळतं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून गावोगाव जनसुनवाई सुरू केल्या, तिथे नक्की काय व्हायचं? कामाचे हजेरीपट, ज्याला आपण मस्टर म्हणतो, ते मोठ्याने वाचायचे. अमक्याचा मुलगा तमका, इतके दिवस काम, इतकी मजुरी. आणि गर्दीतून कुणीतरी म्हणायचं, अहो हा तर केव्हाच वारला! सगळा भ्रष्टाचार त्या नावातच लपलेला होता आणि त्या नावानेच बाहेर यायचा. नावं काळी करून मस्टर दिलं असतं तर लोकांनी काय वाचलं असतं? आकड्यांची बेरीज? बेरीज नेहमी बरोबरच असते. चोर बेरीज चुकवत नाहीत, हे मी बँकेत शिकलो.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कुलाब्याची ‘आदर्श’ ही एकतीस मजली इमारत. २०१० साली ते प्रकरण गाजलं ते सभासदांच्या यादीमुळे. माहिती अधिकारात कागद मागत राहिलेल्या लोकांचा त्यात मोठा वाटा होता. फ्लॅट कुणाच्या नावावर, तो कुणाचा नातेवाईक, हीच तर बातमी होती. नव्या ‘ञ’प्रमाणे ती यादी म्हणजे शंभर टक्के वैयक्तिक माहिती. आता सदनिकाधारकांची यादी मागितली तर एका ओळीचं उत्तर पुरे.

एका ओळीचं उत्तर म्हणजे काय ते मी स्वतः पाहिलंय, म्हणून सांगतो. आमच्या गल्लीचा रस्ता काँक्रीटचा झाला आणि एका पावसाळ्यात त्याची चाळण झाली. मी रीतसर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज दिला. मोजमाप पुस्तिकेत या कामाची नोंद कुणी तपासली आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला कुणाच्या सहीने निघाला, नाव आणि हुद्दा द्या, एवढंच मागितलं. तीस दिवसांची मुदत. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं: मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही, त्या बिचाऱ्या कारकुनाशी माझं वैर नाही. त्याच्या हातात कुणीतरी रबरी शिक्का दिला, त्याने तो मारला. पण साहेबाने कार्यालयात, सरकारी पगारावर, सरकारी पुस्तिकेत केलेली सही ही त्याची खासगी बाब कशी? मी काय त्याच्या देवघरात डोकावलो होतो?

यावर सरकारची बाजू अशी की, घाबरू नका, कलम ८(२) अजून शाबूत आहे. माहिती दडवून जेवढं हित राखलं जातं त्यापेक्षा ती देण्यात जनहित जास्त असेल, तर अपवादात बसणारी माहितीसुद्धा देता येते, असं ते कलम सांगतं. खरं आहे. कलम आहे. पण दादा, फरक बघ. आधी पहिला प्रश्न असा होता की या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का? असेल तर विषय संपला, माहिती द्या. जनहित किती मोठं हे तोलायची वेळ फक्त खरोखरच्या खासगी गोष्टीत यायची. आता सगळंच तराजूत घालायचं. एखाद्या म्हातारीला तिचं पेन्शन का थांबलं आणि यादीत तिच्या जागी कोण आलं हे बघायचं आहे. तिने यात कुठलं थोर जनहित सिद्ध करायचं? माहिती अधिकाराच्या कलम ६(२) मध्ये स्पष्ट लिहिलंय की अर्जदाराला कारण विचारायचं नाही. आणि ८(२)वर विसंबायचं तर कारण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे ६(२) पुस्तकात तसंच ठेवून त्याचा जीव काढून घेतला.

भीतीचंही गणित बघा. माहिती विनाकारण दडवली तर अधिकाऱ्याला दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००. नव्या कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. तो दंड त्या कारकुनाला होईल असं मी म्हणत नाही, पण खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात कुठला आकडा घुमणार? मी त्याच्या जागी असतो तर मीही फाइल बंदच ठेवली असती.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे. माहिती अधिकाराचा लोकांनी छळासाठीही वापर केला आहे. नवरा-बायकोच्या भांडणात पगाराच्या पावत्या मागणं, बढती हुकली म्हणून सहकाऱ्याच्या रजेचे अर्ज आणि आजारपणाची सर्टिफिकेटं मागणं, हे मी ऐकलंय आणि पाहिलंही आहे. माझी एक भाची शिक्षिका आहे. तिचा घरचा पत्ता कुणी उपटसुंभाने अर्ज करून मिळवावा असं मला मुळीच वाटत नाही. पण हे सगळं जुन्या कलमानेच अडत होतं! आजारपणाचा सार्वजनिक कामाशी संबंध काय? काही नाही. मग नकार द्या. घरचा पत्ता, मोबाइल नंबर, आधार क्रमांक कागदावर असेल तर कलम १० प्रमाणे तेवढाच भाग झाका आणि बाकीचा कागद द्या. चाकू होता, धारही होती, तो वापरायचा कंटाळा आला म्हणून भाजीसकट विळीच फेकून दिली.

उलट, खरं सांगायचं तर जुनं कलम आधीच जरुरीपेक्षा जास्त झाकायला लागलं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. प्रकरण आपल्या अकोल्याचं, भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याचं. त्याच्यावर निघालेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्तेचे तपशील मागितले होते. न्यायालय म्हणालं, हा नोकर आणि मालक यांच्यातला मामला, वैयक्तिक माहिती. अहो, पण सरकारी नोकराचा मालक कोण? त्या निकालात परंतुकाची चर्चाच नाही. पुढे देशभरातल्या कार्यालयांनी हाच निकाल ढालीसारखा वापरला. मुंबईचे शैलेश गांधी, जे केंद्रीय माहिती आयुक्त होते, ते वर्षानुवर्षं त्यावर बोलत आले आहेत. तरीही निदान कलमाचे शब्द आपल्या बाजूचे होते. भांडायला जागा होती.

आणि असं करा असं सरकारला कुणी सांगितलं होतं? न्या. अजित प्रकाश शहा यांच्या समितीने २०१२ मध्ये खासगीपणावर अहवाल दिला, त्यात माहिती अधिकाराला धक्का लावू नका असंच होतं. न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये ‘ञ’ बदलायचं सुचवलं, पण तोल राखून. माहिती दिल्याने त्या माणसाचं होणारं नुकसान जनहितापेक्षा मोठं असेल तरच नकार, असा त्यांचा मसुदा होता. दोन्ही न्यायमूर्ती आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले, दोघांनीही तराजू ठेवायला सांगितला. सरकारने पारडी काढून नुसता दांडा ठेवला.

बरं, एवढी किंमत मोजून आपल्या पदरात काय पडलं? इथे माझा खरा संताप आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले आणि कायदा लागू करायचं वेळापत्रक जाहीर झालं. माहिती अधिकार कापणारं कलम तत्काळ लागू. आणि संमतीशिवाय माझी माहिती वापरायची नाही, मी म्हणेन तेव्हा ती पुसायची, गळती झाली तर मला कळवायचं, ही जी कलमं नागरिकासाठी आहेत ती? अठरा महिन्यांनी. म्हणजे मे २०२७. साहेबाच्या सहीचं खासगीपण त्याच दिवसापासून आणि माझ्या फोन नंबरचं दीड वर्षानंतर! कंपन्यांना तयारीला वेळ हवा असं म्हणतात. हवा असेल. मग कलम ४४(३) ला कसली एवढी घाई होती?

त्यातही सरकार स्वतःच्या वाटेल त्या यंत्रणेला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांनी अधिसूचना काढून या कायद्यातून मोकळं करू शकतं, कलम १७(२). तक्रार ऐकणाऱ्या मंडळाचे सदस्य केंद्र सरकारच नेमणार. दंड वसूल झाला तर तो सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला छदाम नाही. आधी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ प्रमाणे निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागता येत होती. अठरा महिन्यांची मुदत संपली की तेही कलम जाणार आहे. आणि खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली म्हणून नागरिकालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड करायची सोय मात्र आठवणीने केली आहे. पत्रकारांना २०१८ च्या आणि २०१९ च्या मसुद्यांत सवलत होती, तीही २०२३ मध्ये गायब. भेळेच्या पुडीवरच्या त्या माणसाला या सगळ्यातून काय मिळालं हे मला कुणी समजावून सांगावं.

बदल व्हायला हवा तो असा. कलम ४४(३) रद्द करून २००५ चं ‘ञ’ परंतुकासकट परत आणायचं. भरपाईचा हक्क परत द्यायचा, आणि मंडळ निवडणाऱ्या समितीत सरकारबाहेरचा माणूस घालायचा. पण संसद हे उद्या करणार नाही, आणि आपल्याला अर्ज मात्र उद्या करायचे आहेत. म्हणून आहे तेच कलम कसं वाचावं, हे जास्त महत्त्वाचं.

मी वकील नाही, पण हिशेबाची वही उलटसुलट वाचायची सवय आहे. तशी वाचली तर अजून बरंच हाती आहे. एक तर कलम ८(१) ची सुरुवात माहिती द्यायला ‘मनाई’ करत नाही, ते म्हणतं की द्यायचं ‘बंधन नाही’. म्हणजे द्यायची असेल तर अधिकारी देऊ शकतो. मग कलम ४(१)(ख) बघा, त्याला कुणी हात लावलेला नाही. अधिकारी-कर्मचाऱ्यांची सूची, त्यांचा मासिक पगार, अनुदान योजनांचे लाभार्थी, सवलती आणि परवाने मिळालेले लोक, हे सगळं प्रत्येक कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करायचं आहे. एकाच कायद्याचं एक कलम जे छापून लावा म्हणतं, ते दुसरं कलम झाका म्हणू शकत नाही. दोन्ही जगतील असाच अर्थ लावला पाहिजे. ‘वैयक्तिक माहिती’ची व्याख्या माहिती अधिकार कायद्यात नाही. ती नव्या कायद्यातून उसनी आणायची, तर ओळखता येईल अशा माणसाबद्दलचं काहीही तिच्यात येतं. पण ती व्याख्या तिथल्या कामासाठी, कंपन्यांना वेसण घालण्यासाठी आहे. इथे तिचं काम नाही. आणि नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे आजही माहिती अधिकाऱ्याचीच आहे, आपली नाही.

माझ्या रस्त्याचं प्रथम अपील मी याच मुद्द्यांवर टाकलं आहे, वीस रुपयांचा स्टँप लावून. काय होतं ते कळवीनच.

मावशी, तू विचारत होतीस की तुमच्या सोसायटीसमोरच्या नाल्याच्या कामाचा अर्ज आता करावा का. जरूर कर. फक्त शेवटी एवढं घाल: "ही माहिती सार्वजनिक निधीतून झालेल्या कामाची असून कलम ४(१)(ख) व ८(२) विचारात घ्यावे. पत्ते, फोन, आधार क्रमांक कलम १० नुसार वगळून बाकी प्रत द्यावी." एका अर्जात एकच विषय ठेव, आणि महाराष्ट्रात दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा नाल्याचा इतिहास लिहीत बसू नकोस.